तारांतोचा फिरता पूल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण इटलीतल्या तारांतो शहरातल्या या पुलाबद्दल मला सतत प्रश्न येतात. काही पर्यटकांचे असतात, काही इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांचे आणि बरेचसे जहाजावर नोकरी करणाऱ्यांचे. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तर दुसरीकडे आलं असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा पूल नेमका कुठे आहे? याचं खरं नाव काय?

इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो. त्या बुटाची टाच आणि चवडा यांच्यामध्ये जी खोलगट जागा आहे, तिथे तारांतोचं आखात आहे आणि त्याच्या वरच्या टोकाला तारांतो शहर. तिथे समुद्राचे दोन भाग आहेत. बाहेरचा, मोकळ्या आखाताला लागून असलेला मार ग्रांदे, म्हणजे मोठा समुद्र. आणि आतला, जवळजवळ सगळीकडून जमिनीने वेढलेला मार पिक्कोलो, म्हणजे छोटा समुद्र. तारांतोला ‘दोन समुद्रांचं शहर’ म्हणतात ते यामुळेच. हे दोन समुद्र जोडणाऱ्या कालव्यावर हा पूल आहे.

कागदोपत्री नाव ‘पोंते दी सान फ्रांचेस्को दी पाओला’. हा कालाब्रियातला संत. आपला झगा पाण्यावर पसरून तो मेसिनाची सामुद्रधुनी ओलांडून गेला, अशी आख्यायिका आहे. पुढे पोपने त्याला इटालियन दर्यावर्दींचा संरक्षक संत म्हणून जाहीर केलं. रोजच्या बोलण्यात मात्र सगळे ‘पोंते जिरेवोले’ म्हणजे फिरता पूलच म्हणतात, आणि रस्ता विचारताना तुम्हीही तेच म्हणा.

२. पुलाखालचा कालवा नैसर्गिक आहे का?

नाही, माणसाने खोदलेला आहे, आणि खोदला तेव्हा जहाजांचा विचार त्यात नव्हता. जुनं तारांतो मुळात जमिनीला चिकटलेल्या एका चिंचोळ्या भूभागावर होतं. परंपरेनुसार स्पार्टाहून आलेल्या ग्रीकांनी इसवी सनापूर्वी ७०६ मध्ये ही वसाहत स्थापली आणि आज जिथे जुनं शहर आहे तिथे त्यांचा बालेकिल्ला होता.

१४८० मध्ये ऑटोमन फौजांनी जवळचं ओत्रांतो घेतलं आणि संपूर्ण किनारपट्टी हादरली. नेपल्सच्या आरागोन घराण्याने तारांतोच्या बचावासाठी जमिनीच्या बाजूने खंदक खणला आणि शहराचं बेट झालं. त्याच खंदकाच्या काठावर १४८६ ते १४९२ या काळात किल्ल्याची नव्याने बांधणी झाली. तोफांचा मारा सोसता यावा म्हणून त्याचे बुरूज बुटके, रुंद आणि गोल ठेवले.

पुढची चारशे वर्षं तो खंदकच राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो रुंद आणि खोल करून युद्धनौका जातील असा जलमार्ग करण्यात आला. आजचा कालवा सुमारे ४०० मीटर लांब आणि ७३ मीटर रुंद आहे. ही कामं चालू असताना किल्ल्याचा सांत’आंजेलो हा बुरूज पाडावा लागला. किल्ल्याच्या नकाशात पुलाच्या बाजूला काहीतरी कमी आहे असं वाटतं, ते या बुरुजामुळे.

३. एवढा खटाटोप कशासाठी? मोठी जहाजं बाहेरच्या समुद्रात उभी करता आली नसती का?

उभी करता आली असती, आणि नंतर उभी केलीही (प्रश्न ११ पाहा). पण जहाज नांगरण्याची जागा आणि जहाज दुरुस्त करण्याची जागा यांत फरक असतो. १८६१ मध्ये इटली एक राष्ट्र झालं, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि भूमध्य समुद्राच्या मध्यावरच्या या बंदराचं महत्त्व एकदम वाढलं. नव्या राज्याला दक्षिणेत मोठा नौदल तळ आणि गोदी हवी होती. मार पिक्कोलोत लाटा नाहीत, वादळ आत शिरत नाही आणि बाहेरच्या शत्रूला आतलं दिसत नाही. गोदीला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. अडचण एकच होती: आत जायला मोठं दार नव्हतं.

म्हणून आधी दार केलं, मग घर. कालवा आणि पूल १८८७ मध्ये तयार झाले. मार पिक्कोलोतल्या नौदल गोदीचं उद्घाटन राजा उंबेर्तो पहिला याच्या हस्ते २१ ऑगस्ट १८८९ रोजी झालं. हा क्रम लक्षात ठेवला तर पूल समजतो. तो शहरासाठी बांधलेला आणि कधीमधी जहाजांसाठी उघडणारा पूल नाही. नौदलाने जहाजांसाठी दार केलं, आणि त्या दारावरून शहराला ये-जा करू दिली. आजही पुलाचा कारभार इटालियन नौदलाकडेच आहे.

४. मग फिरताच पूल का? उंच पूल बांधून खालून जहाजं सोडता आली नसती?

जागा पाहिली की उत्तर मिळतं. एका काठाला किल्ला आणि जुन्या शहराची दाटीवाटी, दुसऱ्या काठाला नवं शहर, आणि दोन्हीकडे जमीन समुद्राच्या पातळीपासून फार वर नाही. युद्धनौकेची डोलकाठी खालून जाईल इतका उंच पूल केला असता तर त्याचे चढ दोन्ही बाजूंच्या वस्तीत खोलवर घुसवावे लागले असते आणि पायी जाणाऱ्याला शंभर पावलांच्या अंतरासाठी टेकडी चढावी लागली असती. फिरता पूल बंद असताना साध्या रस्त्यासारखा वापरता येतो. उंच पूल तारांतोत झालाच, पण जवळजवळ शंभर वर्षांनी आणि जिथे ऐसपैस जागा होती तिथे (प्रश्न ८ पाहा).

५. १८८७ मध्ये विजेशिवाय हा पूल कसा फिरायचा?

पाण्याच्या जोरावर. मला या पुलाबद्दल सर्वांत जास्त आवडणारी गोष्ट हीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पूल म्हणजे एक बसकी लोखंडी कमान होती, पण मधोमध दुभागलेली. प्रत्येक अर्धा भाग आपापल्या काठावरच्या उभ्या खुंट्याभोवती स्वतंत्रपणे फिरायचा. बंद असताना दोन्ही हात कालव्याच्या मध्यावर एकमेकांना टेकायचे. उघडताना दोन्ही हात आडवे फिरून काठालगत यायचे आणि मधला जलमार्ग पूर्ण मोकळा व्हायचा. पूल उघडला की मधे खांब नाही आणि डोक्यावर काही नाही.

हे हात फिरवण्यासाठी शेजारच्या किल्ल्यात ६०० घनमीटर पाण्याची मोठी टाकी बसवली होती. ६०० घनमीटर म्हणजे सहा लाख लिटर. टाकीतलं पाणी खाली सोडलं की त्याच्या दाबाने पाणचक्क्या फिरायच्या आणि त्या पुलाचे हात फिरवायच्या. म्हणजे शक्ती आधीच उंचावर साठवून ठेवलेली असायची आणि जहाज आलं की ती हवी तेव्हा वापरता यायची. बॉयलर पेटवून वाफ होईपर्यंत थांबायला नको. शिवाय शत्रूवर नजर ठेवायला बांधलेल्या पंधराव्या शतकातल्या किल्ल्याला या रचनेत नवीन काम मिळालं. जुनी वास्तू पाडून तिथे यंत्रघर बांधणं सोपं होतं. बुरूज एक गेला, पण बाकीचा किल्ला पुलाच्या कामाला लागल्यामुळे टिकला, असं माझं मत आहे.

पूल बांधला तो आल्फ्रेदो कोत्राउ या अभियंत्याच्या कंपनीने. लोखंडी पुलांच्या कामात तेव्हा इटलीत हे मोठं नाव होतं. २२ मे १८८७ रोजी ॲडमिरल फेर्दिनांदो आक्तोन यांच्या हस्ते पुलाचं उद्घाटन झालं.

६. आज दिसतो तो १८८७ चाच पूल आहे का?

नाही. आजचा पूल १९५७-५८ मध्ये त्याच जागी नव्याने बांधलेला आहे. १० मार्च १९५८ रोजी राष्ट्राध्यक्ष जोव्हान्नी ग्रोंकी यांनी तो खुला केला. पाण्याऐवजी वीज आली, बांधणी नवी झाली, पण कल्पना तीच ठेवली: दोन काठांवर दोन हात, मधे जोड. लांबी सुमारे ९० मीटर आणि रुंदी नऊ मीटरच्या आसपास.

‘मग हा ऐतिहासिक कसा?’ असं पुष्कळ जण लगेच विचारतात. लोखंड नवं असलं तरी जागा, रचना आणि काम १८८७ पासून बदललेलं नाही. जुन्या फोटोशी ताडून पाहिलंत तर पुलाची आकृती चटकन ओळखू येते. पण माहितीफलकासमोर उभं राहून ‘हे लोखंड एकशे तीस वर्षांचं’ असं मुलांना सांगू नका. ते खरं नाही.

७. पूल कधी उघडतो? वेळापत्रक कुठे मिळेल?

बसचं असतं तसं वेळापत्रक नाही. मोठं जहाज आत किंवा बाहेर जायचं असेल तेव्हाच पूल उघडतो. पूर्वी संपूर्ण ताफा मार पिक्कोलोत असायचा, त्यामुळे हे दृश्य सारखं दिसायचं. आता नौदलाचा मुख्य तळ मार ग्रांदेच्या काठावर गेला आहे आणि आत मुख्यतः गोदीत दुरुस्तीला येणारी जहाजं येतात. त्यामुळे उघडण्याचे प्रसंग कमी झाले आहेत.

पुलावरून वाहतूक थांबणार असल्याने ठरलेल्या प्रसंगांची सूचना आधी निघते. शहरात पोहोचल्यावर हॉटेलात किंवा कॉफीच्या दुकानात विचारा. जवळपास कुणाला तरी माहीत असतंच. दिवस हमखास हवा असेल तर ८ मे धरा (प्रश्न १३ पाहा).

८. पूल उघडला की जुन्या शहरातली माणसं अडकून पडतात का?

नाही. बेटाच्या दुसऱ्या टोकाला दगडी पूल आहे आणि तो उघडत नाही. तिथला आधीचा पूल १८८३ च्या पुरात गेला, त्यानंतर हा बांधला. बेट त्या बाजूने रेल्वे स्टेशनकडच्या भागाशी जोडलेलं राहतं. पण जुन्या शहरातून नव्या शहरात पायी पाच मिनिटांत जाणारा माणूस मात्र खोळंबतो.

गाडीवाल्यांसाठी तिसरा मार्ग आहे: मार पिक्कोलोच्या दोन भागांमधल्या अरुंद जागेवरून जाणारा पुंता पेन्ना पूल, १९७७ मध्ये खुला झालेला. हा लांबलचक आणि उंच आहे. तो होईपर्यंत नव्या शहराकडून बाहेर पडणाऱ्या गाड्यांना बेटावरून तरी जावं लागे, नाहीतर संपूर्ण मार पिक्कोलोला वळसा घालावा लागे.

९. जहाज जाताना लोक काठावर उभे राहून हात का हलवतात? काही समारंभ असतो का?

ठरवलेला समारंभ नाही, पण तारांतोत हे पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. कालव्याची रुंदी ७३ मीटर. मोठी युद्धनौका त्यातून जाते तेव्हा डेकवर उभा असलेला माणूस काठावरून नुसता दिसत नाही, ओळखता येतो. हाक मारली तर ऐकू जाते. कित्येक महिन्यांच्या मोहिमेवर निघालेला मुलगा, नवरा, बाप शेवटचा इतक्या जवळून दिसतो तो इथे, आणि परत येताना पहिल्यांदा दिसतो तोही इथेच. बाकीच्या नौदल तळांवर निरोप फाटकाच्या आत, धक्क्यावर होतात. तारांतोत निरोपाची जागा शहराच्या मधोमध, सार्वजनिक रस्त्यावर आहे. ज्यांचं कुणीच जहाजावर नाही अशी माणसंही थांबतात आणि हात हलवतात.

घडतं ते असं. आधी रस्त्यावरचं फाटक लागतं आणि पुलावरची शेवटची माणसं लगबगीने उतरतात. मग पुलाच्या मधोमध, पायाखाली एरवी लक्षातही येत नाही अशी जी जोडाची फट आहे, ती रुंदावत जाते आणि रस्ता दोन दिशांना निघून जातो. थोड्या वेळाने जहाजाचं नाक दोन काठांच्या मधे येतं, बरोबर ओढबोटी असतात. जहाज अगदी हळू चालतं. त्या वेळी मोटारींचा आवाज पूर्ण थांबलेला असतो, म्हणूनच हाका ऐकू जातात.

पुलाजवळच नाविकांचं स्मारक आहे: दोन ब्राँझचे खलाशी, टोप्या उंचावून अभिवादन करणारे. व्हित्तोरिओ दी कोल्बेर्ताल्दो या शिल्पकाराचं हे काम. ॲडमिरल आंजेलो इयाकिनो यांनी ते शहराला दिलं.

१०. कोळ्यांच्या छोट्या बोटींना पूल उघडेपर्यंत थांबावं लागतं का?

नाही, छोट्या बोटी बंद पुलाखालून जातात. मार पिक्कोलोत मोठ्या प्रमाणावर काळ्या शिंपल्यांची शेती होते; आपल्याकडे कोकणात शिणाणे खातात, त्याच कुळातले. तिथे समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे फुटतात, त्यांना स्थानिक लोक ‘चित्रो’ म्हणतात. खाऱ्या पाण्यात मिसळणाऱ्या या गोड्या पाण्याला तिथल्या शिंपल्यांच्या चवीचं श्रेय देतात. या बोटींना कालव्यातला प्रवाह सांभाळावा लागतो: भरती-ओहोटी लहान असली तरी दोन समुद्रांतलं पाणी याच अरुंद वाटेने आत-बाहेर होतं आणि प्रवाहाची दिशा बदलत राहते.

११. दुसऱ्या महायुद्धात तारांतोवर मोठा हल्ला झाला, तेव्हा पुलाचं काय झालं?

११ नोव्हेंबर १९४० च्या रात्री ब्रिटिश विमानवाहू जहाज ‘इलस्ट्रियस’वरून २१ स्वोर्डफिश विमानं दोन तुकड्यांमध्ये, एकामागोमाग आली. त्यांचं मुख्य लक्ष्य मार ग्रांदेतल्या युद्धनौका होत्या. ‘लित्तोरिओ’, ‘दुइलिओ’ आणि ‘कोंते दी कावूर’ या तिघींना पाणतीर लागले. म्हणजे सर्वांत मोठा मार पुलाच्या बाहेरच्या बाजूला बसला. आत मार पिक्कोलोतही बॉम्ब पडले. ‘त्रेंतो’ या क्रूझरवर एक बॉम्ब आदळला, पण फुटला नाही.

आतली जागा सुरक्षित म्हणून एवढा कालवा खोदला (प्रश्न ३), ती कल्पना जहाजांच्या तोफांच्या काळातली होती. विमानाला कालवा लागत नाही. या हल्ल्याचा जपानी नौदलाने बारकाईने अभ्यास केला, आणि पुढच्याच वर्षी पर्ल हार्बर या अमेरिकी तळावर हल्ला केला.

१२. मराठा सैनिक तारांतोत उतरले होते, हे खरं आहे का?

हो. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यानंतर दोस्त राष्ट्रांनी तारांतो ताब्यात घेतलं आणि २४ सप्टेंबरला ८ वी भारतीय डिव्हिजन या बंदरात उतरली. तिच्यात ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. इथून ही डिव्हिजन एड्रियाटिक किनाऱ्याने उत्तरेकडे लढत गेली. याच बटालियनचे शिपाई नामदेव जाधव, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर गोळीबार चालू असताना त्यांनी दोन जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर आणलं, मग परत जाऊन शत्रूच्या मशीनगनची ठाणी मोडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

इथे एक गल्लत फार होते. इटलीतच हुतात्मा झालेले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे हे तिसऱ्या बटालियनचे होते, आणि ती बटालियन वेगळ्या, म्हणजे १० व्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. दोघांची नावं एकाच प्रसंगाला जोडू नयेत.

१३. सणावाराला पुलावर काय असतं?

दोन प्रसंग महत्त्वाचे. पहिला मे महिन्यातला, शहराचा संरक्षक संत काताल्दो याच्या उत्सवाचा. मुख्य दिवस १० मे, पण ८ मेच्या संध्याकाळी संताची मूर्ती जहाजावर चढवतात आणि समुद्रातून मिरवणूक निघते. तिच्यासाठी पूल उघडतो. एरवी युद्धनौकेला मिळणारा मान त्या दिवशी संताला मिळतो, आणि दोन्ही काठ माणसांनी भरतात.

दुसरा ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातला. गुरुवारच्या मध्यरात्री जुन्या शहरातल्या सान दोमेनिको चर्चमधून दुःखी मातेची, म्हणजे येशूची आई मेरी हिच्या मूर्तीची मिरवणूक निघते आणि पुलावरून नव्या शहरात जाते. या वेळी पूल बंद हवा, उघडा नाही. पांढऱ्या पोशाखातले, चेहरा झाकलेले अनवाणी भक्त डावी-उजवीकडे झुलत इतकं हळू पाऊल टाकतात की मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते. घाईने पाहायची ही गोष्ट नाही. एका जागी उभे राहा, शांत राहा, फ्लॅश बंद ठेवा.

१४. स्टेशनवरून पुलापर्यंत कसं जायचं? आणखी काय पाहावं?

बारीहून रेल्वेने साधारण सव्वा ते दीड तास. स्टेशन बेटाच्या पलीकडच्या बाजूला आहे, म्हणजे दगडी पूल, मग जुनं शहर, मग फिरता पूल असा क्रम लागतो. चालत अर्धा तास. बस आहे, पण चाला, कारण वाटेत संत काताल्दोचं कॅथेड्रल लागतं आणि पुलाच्या अगदी अलीकडे ग्रीक मंदिराचे दोन डोरिक खांब उभे आहेत. तिथून समोर पंधराव्या शतकातला किल्ला आणि त्यामागे विसाव्या शतकातला पूल दिसतो.

किल्ला चुकवू नका. तो नौदलाच्या ताब्यात आहे, प्रवेश मार्गदर्शकासोबत आणि विनामूल्य असतो. नौदलाची माणसं स्वतः दाखवतात.

१५. पंबनच्या पुलासारखाच आहे का हा?

काम तेच, तऱ्हा वेगळी. रामेश्वरमला जाणारा १९१४ चा जुना पंबन पूल रेल्वेचा होता आणि त्याच्या मधल्या भागाचे दोन पाखे वर उचलले जायचे. २०२५ मध्ये सुरू झालेल्या नव्या पंबन पुलाचा मधला भाग सरळ उभा वर जातो. तारांतोचा पूल वर जातच नाही, आडवा फिरतो. विद्यार्थ्यांनी प्रोजेक्टमध्ये तिन्ही एकाच गटात घातले तर ‘चल पूल’ एवढंच म्हणावं. ‘उचल पूल’ म्हटलं तर तारांतो त्यात बसत नाही.

१६. मी मर्चंट नेव्हीत आहे. आमचं जहाज तारांतोला लागणार आहे, तर पुलातून जायला मिळेल का?

बहुतेक नाही. व्यापारी बंदर मार ग्रांदेच्या बाजूला आहे, त्यामुळे मालवाहू जहाजांना कालव्यात यायची गरज पडत नाही. कालव्यातून जातात ती मुख्यतः नौदलाची आणि गोदीत जाणारी जहाजं. ‘जुझेप्पे गारिबाल्दी’सारखी विमानवाहू नौकाही इथून गेली आहे. पण शोअर लीव्ह मिळाली तर बंदरापासून जुनं शहर जवळ आहे. पलीकडे नव्या शहराच्या बाजूने, कालव्याच्या कठड्याला लागून जो रस्ता आहे तिथे उभे राहा: किल्ला, पूल आणि दोन्ही समुद्र तिथून एकदम दिसतात, आणि दुपारनंतर किल्ल्याच्या मागे ऊन कलतं, म्हणून फोटोसाठी सकाळ बरी.